ठणकमुळी आणि दिरांचा उकिरडा

मी खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम (आता फक्त उसवणे), हे मृत्युपत्र राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि चहा घेऊन झाल्यावर लिहीत आहे. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणणारे माझे धाकटे दीर सध्या परसात आहेत.

१. राहते घर मुलीला. अट एकच: न्हाणीतल्या टबात, जुन्या कुकरात आणि माझ्या दिवंगत यजमानांच्या हेल्मेटात लावलेली औषधी रानरोपे हलवू नयेत. खाणवाले टेकडी पोखरू लागले तेव्हा आम्ही दोघांनी ती पोत्यांत भरून आणली. आंघोळ बादलीनेही होते. जावईबापूंनी कुरकुर करू नये.

२. शिलाई मशीन जावईबापूंना. तोंडापेक्षा हात चालू राहतील.

३. आता ठणकमुळी. दाढ ठणकली की हिचे मूळ चावावे. ठणका जातो, मात्र तासभर बोबडे बोलावे लागते. टेकडीवरची संपली. मी कुंड्यांत लावली, खत घातले, गाणी म्हटली, तर मेली. परसात थोडी तग धरून होती. मी मुलीकडे गेले असता दिरांनी ती उपटून भिंतीमागच्या उकिरड्यावर भिरकावली. वर म्हणाले, "वहिनी, तुमचं तण काढून टाकलं बरं का!" मी ढसाढसा रडले आणि वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला.

यंदा कचरा टाकायला गेले, तर उकिरडाभर ठणकमुळी! हिला लाड सोसत नाहीत. अंड्यांची टरफले आणि दिरांच्या शिव्या मानवतात.

४. ती उकिरड्याची पट्टी माझ्या नावावर आहे. खाणवाल्यांना ती ट्रकच्या रस्त्यासाठी हवी आहे. मुलगी भिडस्त, चहा पाजला की सही करेल. म्हणून पट्टी आणि माझे खुरपे दिरांना. ज्यांनी सख्ख्या भावाला कधी शिडी दिली नाही, ते ट्रकला वाट देतील?

५. तिथे काय उगवते हे त्यांना सांगू नये. जपायला जातील आणि मारतील. हे मृत्युपत्र वाचताना तिसऱ्या कलमाआधी त्यांना दूध आणायला पाठवावे.

ठिकाण: शिवणाची खोली. दिनांक: ९ मार्च.

साक्षीदार: १. समोरच्या नर्सबाई (सही). २. पोस्टमन (सही, दाढेत मुळी असल्याने काही बोलले नाहीत).

ता.क. सही करताना परसातून हाक आली, "वहिनी, परत उगवलंय हो हे!"

मी ओरडून सांगितले, "भिरकावा, भावजी. लांब भिरकावा."