कापडाखालचा हात

बाबा, परवा शाळेत माझा सत्कार झाला आणि त्यात तुमचा विषय निघाला. माझाच एक जुना विद्यार्थी, आता स्वतः मुख्याध्यापक आहे, भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "सर खरं तर नागपूरला प्राध्यापक व्हायचे. पण वडिलांनी त्यांना परीक्षेलाच जाऊ दिलं नाही. बैलाचा करावा तसा सरांचा सौदा केला. त्यांचं नशीब फिरलं म्हणून आमचं उघडलं." लोक आधी हसले, मग हळहळले. तो काही मनचं बोलला नाही. ही गोष्ट मीच त्याला वर्गात सांगितली होती, समीकरणं शिकवता शिकवता, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या पोरांना सांगितली तशी. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग शिळा झालेला नाही. म्हणून आज लिहायला बसलो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र तसंही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

तुम्ही बैलबाजारातले दलाल. आपल्या देऊळघाटात आणि बुलढाण्याच्या बाजारात तुमच्या शब्दाला मान होता, हे मी नाकारत नाही. बैलाचा जबडा उघडून दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचा, चार पावलं चालवायचा. मग खांद्यावरचं उपरणं विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हातावर टाकायचं. भाव तोंडानं कोणी बोलायचं नाही, सगळी बोली आत बोटांनी. समोरच्यानं मूठ आवळली की सौदा पक्का. त्यानं पंजा ढिला सोडला की सौदा मोडला, आपण हात काढून घ्यायचा आणि रागावायचं नाही. मला हे तुम्ही फार लहानपणी शिकवलं होतं. आणि वर बजावलं होतं, "कापडाखाली झालं ते तिसऱ्याले सांगाचं नाही. बायकोलेई नाही." हा कायदा तुम्ही कधी मोडला नाहीत. माझ्या बाबतीत मात्र तो तुमच्या चांगलाच पथ्यावर पडला.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी अकोल्याला राहून बी.एस्सी. झालो, आपल्या घराण्यातला पहिला. पुढे गणितात एम.एस्सी. करायचं तर नागपूरला जागा मोजक्या, त्यासाठी आणखी एक लेखी परीक्षा द्यावी लागे. मी ती दिली आणि शंभरात एकतीस गुण पडले. निकाल पोस्टकार्डावर आला, हे सगळ्यात वाईट. पोस्टमनने तो पारावर वाचून दाखवला आणि मगच आपल्या घरी आणला. आठ दिवस गाव मला 'एकतीस' म्हणत होतं. मी घराबाहेर पडेना. तेव्हा तुम्ही गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणालात, "एका चालीत बैल पारखत नाही बाप्पा. पह्यल्या खेपेले बिचकला असंन. पुढच्या साली डबल जुंपून पाहू." बाबा, तुमच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं वाक्य. मी त्या वाक्यावर वर्ष काढलं.

नुसतं बोलून थांबला नाहीत तुम्ही. गोठ्याच्या आतल्या भिंतीला स्वतः गिलावा केला, तो वाळल्यावर कोळशाची पूड कालवून तीन हात दिले आणि मला फळा करून दिला. कोपरापर्यंत काळे झाला होतात. आई म्हणाली, "आरशात पाह्यलं का सोताले?" तर म्हणालात, "पोरगं पास झालं की पाहीन." बाजारापर्यंत ठेवलेले बैल एका बाजूला रवंथ करताहेत आणि मी फळ्यावर अनंत श्रेणी मांडतो आहे, असं ते वर्ष. तुम्ही बाजारातून आलात की दारातून फळा बघायचात. एकदा विचारलंत, हे काय चाललंय. मी सांगितलं, ही बेरीज कधी संपतच नाही. तुम्ही म्हणालात, "संपत नाही, तं लिहून काऊन राह्यला बे? त्यापक्षा बैलं तरी खातीन हा खडूचा चुना." मी हसलो. तुम्हीही हसलात. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं भणभणतं, कारण तोवर तुम्ही मला विकून मोकळे झाला होतात.

दिवाळीच्या आधीच्या बाजारात मीही आलो होतो. शेजारच्या गावातले एक मोठे शेतकरी बैलजोडी घ्यायला आले होते. त्यांनी नुकतीच शाळा काढली होती आणि अध्यक्षही तेच. जोडीचा सौदा पटकन जमला, कासरे त्यांच्या गड्याच्या हातात गेले. तरी उपरणं तुमच्या आणि त्यांच्या हातावरून हटेना. तुम्ही दोघं खालच्या आवाजात काही बोलत होतात, मग कापड एकदा हललं आणि अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, दलालीची घासाघीस असेल. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला. ज्याला विकलं जातंय त्यानंच गिऱ्हाइकाला नमस्कार करावा, असा सौदा त्या बाजारात आधी झाला नसेल.

जूनमध्ये शाळेचा शिपाई कागद घेऊन आला. गणिताचे शिक्षक म्हणून माझी नेमणूक झाली होती आणि शाळा उघडण्याच्या दिवशी हजर राहायचं होतं. त्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होते. बी.एस्सी. झालेला माणूस समोर दिसला नाही तर मॅट्रिकच्या वर्गाला मान्यता मिळणार नव्हती. आणि नागपूरची परीक्षा नेमकी त्याच दिवशी होती. मी म्हणालो, काहीतरी चूक झाली आहे. शिपाई म्हणाला, "चूक कशी गुरुजी, दिवाळीपासूनच ठरेल हाये नं."

त्या दुपारचं भांडण तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही बैलाला पेंड चारत होतात, वळूनही पाहिलं नाहीत. "हाव, देल्ला म्या हात," म्हणालात. "दुसऱ्या बाजारपावतर ठेवला की बैल उतरते. गिऱ्हाईक समोर हाये तवाच देऊन टाकाव."

"मंग वर्षभर अभ्यास काऊन करू देल्ला मले?"

"तू रिकामा बसला असता, तं खचला असता."

आई चुलीपुढून उठून आली. तुमच्यापुढे ती कधी बोलायची नाही, पण त्या दिवशी म्हणाली, "जनावराले माणूस सांगत नाही हो, का तुले इकलं म्हणून. पोराले तं सांगाचं होतं." तुम्ही पेंडीची पाटी खाली ठेवलीत आणि बाहेर निघून गेलात. मला अभ्यास म्हणून जे दिलं होतं तो निव्वळ चारा होता, बाजाराच्या दिवसापर्यंत अंगावर मांस राहावं म्हणून. हे वाक्य मी त्या दिवशी तुमच्या पाठीला ऐकवलं, आणि पुढे जन्मभर ऐकवत राहिलो. लग्नात सासऱ्यांच्या देखत ऐकवलं. तुमच्या नातीच्या बारशाला ऐकवलं. तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा भेटायला आलेल्या अध्यक्षांच्या मुलाला तुमच्या उशाशी बसून ऐकवलं. तुम्ही डोळे मिटून पडून राहायचात. मला वाटायचं, बोलायला तोंड आहे कुठे यांना.

पत्र इथेच संपवायचं मनात होतं. पण परवा सत्कारात त्या मुख्याध्यापकाने माझ्या खांद्यावर उपरणं घातलं, त्याचं टोक माझ्या हातावर पडलं आणि हात आपोआप आवळला गेला. तेव्हापासून मला झोप धड नाही.

त्या भांडणाला आठ दिवस झाले होते. नागपूरला जायचं तर सकाळच्या एस.टी.नं मलकापूर गाठायचं आणि तिथून गाडी. माझी पिशवी भरलेली होती, हे सगळ्यांना माहीत आहे. मी गोठ्यात फळ्यासमोर उभा होतो. आदल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मी पुन्हा सोडवून पाहिली होती आणि दहातले तीन प्रश्न सुटले होते. वर्षभर घासून तीन! तुम्ही आत आलात. खांद्यावरचं उपरणं काढलंत, उजव्या हातावर टाकलंत आणि हात माझ्यापुढे केलात. मी सवयीनं आत हात घातला. तुमचा पंजा ढिला होता, बाबा. बोटं मोकळी सोडलेली, घट्टे पडलेली, कोमट. मी फक्त हात काढून घ्यायचा होता. मग तुम्ही सौदा मोडायला अध्यक्षांकडे गेला असता, तुम्हाला बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती, आणि मी एस.टी.त बसलो असतो.

मी मूठ आवळली.

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. मग पुन्हा एकदा पंजा ढिला केलात, मला नीट कळलं नसेल म्हणून. मी पुन्हा आवळली, आधीपेक्षा जोरात. तुम्ही उपरणं झटकलंत, खांद्यावर टाकलंत आणि बैलाला पाणी दाखवायला गेलात. त्यानंतर एवढी वर्षं जगलात, एवढं ऐकून घेतलंत, पण हे आईलासुद्धा सांगितलं नाहीत. मी विचारलंय तिला.

विकलं तुम्हीच, ते मी माफ करणार नाही. परवा तो मुख्याध्यापक बोलत होता तेव्हा उठून एवढंच म्हणायचं होतं, की थांब बाबू, पुढचं मी सांगतो. माईक हातभर अंतरावर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी हात जोडून त्या घेतल्या.