प्लगची फट आणि माझ्या पश्चातची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवून आता घरी बसलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. मी शुद्धीवर आहे, माणसे ओळखते, कोणाचे दडपण नाही. मात्र घाबरलेली आहे. घाबरणे वेगळे आणि भ्रमिष्ट होणे वेगळे, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे. सोमवारी माझ्या छातीतले यंत्र, म्हणजे पेसमेकर, बदलायचे आहे. त्यातून उठले तर हा कागद मीच फाडीन.

कलम १. राहते घर, भांडीकुंडी व बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या लेकीला द्यावी. तिने घर विकले तरी माझी हरकत नाही. न्हाणीघराचा दरवाजा दमट हवेत फुगून बसतो, एवढे घेणाऱ्याला आधी सांगावे.

कलम २. माझ्या थोरल्या दिरांना काहीही देऊ नये. त्यांनी वर्षानुवर्षे माझ्या दाराशी स्कूटर आडवी लावली. मी पडले त्या दिवशीही, मला उचलायचे सोडून, "या वयात बाईने इंजिनात डोके घालायचेच कशाला?" असे विचारत उभे राहिले. भेटायला आले तर चहा द्यावा. बिस्किटे नकोत.

कलम ३. मोटार. हे जरा लांबेल.

गाडी वडिलांची. माझा धाकटा भाऊ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटांना कंटाळून त्याने यंदा तिला नवे, जोरदार इग्निशन बसवले. पूर्वी प्लगची फट, जिच्यात ठिणगी उडते ती, ०.६ मिलिमीटर असायची. ठिणगी आता दमदार झाली म्हणून त्याने ती थेट १.१ केली. सपाट रस्त्यावर गाडी सुरेख चालली, चढावर मात्र आचके देऊ लागली. फट जितकी मोठी तितका विजेचा दाब जास्त लागतो, आणि आमच्या प्लगच्या जुन्या वायरींना तो पेलेना. ठिणगी कुठून निसटते ते पाहायला मी चालू इंजिनावर वाकले. वायरीवर निळे काहीतरी लुकलुकले. पुढचे मला आठवत नाही.

शेजारच्या शिंपीदादांनी चावी फिरवून इंजिन बंद केले. मी मागे कोसळले म्हणून वाचले, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या इग्निशनच्या इतके जवळ गेल्यावर छातीतले यंत्र गोंधळून क्षणभर थांबले, लांब होताच पुन्हा चालू झाले. तपासणीत त्याची बॅटरीही संपत आल्याचे कळले. तो दोष वेगळा, आधीपासूनचा.

धाकटा दवाखान्यात आला तो पांढराफटक पडलेला. "ताई, ते इग्निशन मी उपटून टाकतो. गाडी भंगारात जाऊ दे."

"हात लावून तर बघ," मी म्हणाले. तो गेला आणि फिरकलाच नाही.

तेव्हापासून मी न्हाणीघराची कडी लावत नाही. झोपताना डाव्या कुशीवर वळत नाही. रस्त्यावरून स्कूटर गेली तरी हात छातीवर जातो. लेकीने विचारले तर म्हणते, "ऊन लागलं असेल." ती रात्री माझ्या खोलीच्या दाराशी अंथरूण घालते.

काल मी शिंपीदादांकरवी धाकट्याला बोलावून घेतले. मी लांब पायरीवर बसले. त्याने नव्या वायरी घातल्या. इंजिन थंड होते. प्लग काढून तो मोजायला बसला, पण फट मोजायच्या गेजचे पाते त्याला फटीत घालता येईना.

"किती ठेवू?"

"०.९. वरची वाकडी पट्टीच वाकव. मधल्या दांडीला धक्का लावू नकोस, तिच्याभोवतीची चिनीमाती तडकते. पाते जरा अडत सरकले पाहिजे."

"तू एकदा बघ ना."

"मी तिथे येणार नाही," मी म्हणाले. मला भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितले. तो म्हणाला, "मलापण."

चारही प्लग बसवून तो गाडी घेऊन चढाकडे गेला. आवाज वळणाआड जाईपर्यंत मी ऐकत होते. एकही आचका नव्हता. परत येऊन त्याने इंजिन बंद केले आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. मी उठले. बॉनेटपाशी पाय थबकले.

"ये ताई, बंद आहे."

मी गेले आणि त्याच्या शेजारी बसले.

सबब मोटार, गेज व सर्व हत्यारे धाकट्याला द्यावीत. तो नको म्हणेल. म्हणाला तर लेकीने त्याला समोर बसवून पुढचे मोठ्याने वाचावे: तुझ्या इग्निशनने मला मारले नाही. सोमवारी जे होईल तेही तुझ्या हातून झालेले नसेल. गाडी चालवत राहा.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे. धाकट्याला व लेकीला मिळकत मिळते, म्हणून साक्षीला त्यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत.

सही (वेडीवाकडी, पण माझीच)

साक्षीदार १: शेजारचे शिंपी. बाईंनी माझ्यादेखत सही केली.
साक्षीदार २: डॉक्टरीणबाई. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च, शनिवार