भाऊबिजेच्या गोळ्या

९ ऑक्टोबर, देवास
मी काय अफूबाज आहे? मेडिकलवाल्या पीयूषनं कंबरेच्या गोळ्यांचा डॉक्टरांचा पर्चा चारचौघांत परत केला – "माताजी, ये पुराना है। इसकी लत लग जाती है।" मी म्हटलं, "भिया, कमर मेरी है कि आपकी?" लोक हसले. हसा! मणका सरकला की कळेल.

११ ऑक्टोबर
दुपारी जरा डोळा लागला तर चिऊ फाटक उघडून रस्त्यावर गेली. झोप काय कुणाला लागत नाही? सूनबाई ऋजुता म्हणाली, "आई, या गोळ्या चालू आहेत तोवर चिऊला तुमच्याजवळ ठेवणार नाही." माझी नात! माझ्याच घरात!

१३ ऑक्टोबर
ऋजुता मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, गोळ्या थोड्याच दिवसांसाठी दिल्या होत्या. आता हळूहळू कमी करायच्या, एकदम सोडायच्या नाहीत. आणि म्हणे, घेण्याआधी एकदा वाकून बघायचं, खरंच दुखतंय का! मी सर्कशीतली आहे का? दुखणं माझं आणि पुरावा यांना हवा.
गोळ्या आता ऋजुताच्या कपाटात. कुलूप लावलंय. हिच्या लग्नात मी स्वतःच्या पाटल्या मोडल्या होत्या.

१६ ऑक्टोबर
अर्धीच गोळी मिळते. जांभया, नाक गळतंय, अंग मोडून आलंय. सर्दी आहे. दुसरं काही नाही!

१८ ऑक्टोबर
सख्खी आजी घरात असून चिऊ पाळणाघरात जाते. संध्याकाळी आली ती हात वर करून उभी – कडेवर घे. मला वाकवेना. नाही घेतलं. रडू आलं, आणि संताप त्याहून जास्त. एवढं दिसत नाही का यांना?

२० ऑक्टोबर
धारला मानसिंगदादाला फोन केला. म्हटलं, भाऊबिजेला साडी नको, गोळ्या आण. त्याच्या ओळखीचं दुकान आहे. पर्चा मागत नाहीत. दादा म्हणाला, तुझी कंबर, तुलाच ठाऊक. निदान एक माणूस तरी माझ्या बाजूचा!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
वाकवत नाही म्हणून दादाला पाटाऐवजी खुर्चीवर बसवून ओवाळलं. त्यानं तबकात लिफाफा टाकला. सगळ्यांना वाटलं, नोटा आहेत.

२४ ऑक्टोबर
सकाळी गोळी हातातून निसटली. थेट पलंगाखाली. मी पालथी पडले, गाल फरशीला टेकवून पार भिंतीपर्यंत हात घातला, काढली, पदराला पुसून गिळली. उठून बसल्यावर लक्षात आलं – कंबर दुखलीच नव्हती.
चिऊ दारात उभी होती. "आजी, आता तुला वाकता येतं?"
मी नाही म्हटलं.