चढत्या रेषेत आई

मंगळवार संध्याकाळ, कर्वेनगर

आधी लिहिते, मग जेवते. इतका आनंद झालाय!

ऑफिसात सध्या देशभरातल्या लघवीच्या संसर्गाची वर्षानुवर्षांची आकडेवारी माझ्याकडे आहे. आलेखात बायकांची रेष चढतेच आहे. एवढं शिकून मी फक्त वाईट बातम्या मोजते का? वरिष्ठ सीमामॅडम म्हणाल्या, "अगं, आता जास्त जणी तपासून घेत असतील, तेही धर." मला नाही पटलं. माझी आई कुठे जाते तपासायला? लोकांकडे पोळ्या करते. तिथे बाथरूम कसं मागायचं, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. जळजळ झाली की "बायकांना होतंच." तपासून घे म्हणून आठवडाभर मी मागे लागले होते.

घरी आले तर ओट्यावर गोळ्या! आई आपली आपण जाऊन लघवी तपासून आली होती. म्हणजे सीमामॅडम म्हणाल्या तसा, त्या रेषेत एक ठिपका आईचाही?

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? म्हटलं, तुमच्या जन्माआधीपासून!"

"आई!"

"हसल्या की त्या. आणि उद्यापासून मी पाणी पिणार, कामावरचं बाथरूमही वापरणार. चालत नसेल तर पोळ्या त्यांनी लाटाव्यात."