सहा तासांची थरथर

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
बाबांचे भरपूर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक.

तुझा तारा एकदाचा पाहिला. केवढ्याला पडला ते आधी सांगतो: एक सुजलेला गुडघा, गार झालेलं जेवण आणि शेजारच्या मास्तरीणबाईंचा रुसवा. त्यांच्या गच्चीवरचा दिवा मालवायला लावला, तर म्हणाल्या, "दिसणार काय, तर एक ठिपका. त्यासाठी आम्ही चाचपडायचं?" ठिपका म्हणणंही जास्तच. सरळ बघितलं की गायब, नजर जरा बाजूला ठेवली की हजर. आपल्या घरातल्या माणसांसारखाच. रोखून विचारलं की गप्प.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. हा बिननावाचा, नुसत्या क्रमांकाचा तारा सूर्याच्या दहापट रुंद, आणि वस्तुमान जेमतेम दीडपट? म्हणजे नुसताच फुगलेला. पृष्ठभाग सूर्यापेक्षा थंड, म्हणून नारिंगी. उजेड चाळीस सूर्यांचा, पण दोनशे वर्षं वाट चालून इथे पोचतो तो कसाबसा. म्हातारपणी ताऱ्यांचं असंच होतं म्हणतेस. पटलं. माझ्याही सदऱ्याची बटणं हल्ली लागत नाहीत.

खरी गंमत थरथरीची. तारा थरथरतो, त्यावरून त्याच्या पोटातलं कळतं, आणि एकेका थरथरीला सहा सहा तास लागतात! "बाबा, मी तुमचंच काम करते," असं लिहिलंस. ते वाक्य मी दुकानात येईल त्याला वाचून दाखवलं.

तू लहान होतीस तेव्हा चालू पंपाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून मूठ तुझ्या कानाशी धरायचो, आठवतं? "आत कुणीतरी दात खातंय," म्हणायचीस. बेअरिंग गेलेलं असायचं. माझ्या कानांची ख्याती तर तुला ठाऊकच आहे. रस्त्याने जाणाऱ्या गाडीचं कुठे दुखतंय ते मी अंथरुणात पडल्या पडल्या सांगतो. शाळा चौथीत सुटली, पण या दोन कानांच्या जिवावर दुकान उभं केलं. हल्ली मूठ कानाशी धरत नाही, दातांत धरतो. नवी पद्धत. जबड्यातून छान कळतं.

अर्थात नेहमीच कळतं असं नाही. गेल्या आठवड्यात छापखान्याची मोटर तपासून "ठणठणीत आहे" म्हणून परत पाठवली, ती दुपारीच जाम झाली. छापखानेवाला भांडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्याशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून बोलू लागला. कुणाच्या तरी आजोबांशी बोलावं तसं. ते फार लागलं.

तू गेल्यावर घर शांत झालं, तेव्हा वाटलं, एकट्या माणसाचं घर असंच असायचं. नळसुद्धा गळतो तो गुपचूप. मास्तरीणबाई येऊन बंद करून जातात.

आता मुद्द्याचं. तू लिहितेस, "बाबा, तुम्ही फोन उचलत नाही, म्हणजे मी इथली कायमची नोकरी घेणार म्हणून रागावलात. तसं असेल तर महिनाअखेर नकार कळवून परत येते." फोन बिघडलाय म्हणून मागेच कळवलं होतं, पण तुला ते पटलेलं दिसत नाही. अगं वेडे, मी रागावलो की चौकातल्या न्हाव्याला कळायचं. गप्प राहून रागावणं तुझ्या आईचं खातं होतं, माझं नव्हे. दोनशे वर्षं लांबच्या ताऱ्याच्या पोटातलं तुला कळतं, आणि बापाच्या न उचललेल्या फोनवरून तू राग ओळखलास? निदान साफ चुकलं, भिंगरे.

होकार कळव. आणि पुढचं वाचून धावत येऊ नकोस. सहा तासांच्या एका थरथरीसाठी थांबण्याइतका धीर तुझ्यात आहे, तेवढ्याच धीराने माझ्या पत्राची वाट बघत जा. तारा ढळला नाही, तसा मीही इथेच आहे.

तुझाच,
बाबा

ता. क. फोन बिघडलेला नाही. उशाशीच असतो. तो वाजला की भिंतीपलीकडे मास्तरीणबाईंना ऐकू येतो. मला येत नाही.