एकही रिटेक लागला नाही

८ जानेवारी

आज सकाळी बुद्धवंदना झाली, मेणबत्ती शांत केली आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. तेलही जरा जास्तच लावलं. मालन म्हणाली, "कुणाचं लग्न?" सांगितलं — नववीची पोरं स्पर्धेसाठी फिल्म करतायत, 'पन्नास वर्षांनंतरची शाळा'. त्यात मला घेतलंय. ती हसली. "म्हणजे पन्नास वर्षांनीही तुम्हीच?"

वर्गात मिथुन मोबाइल धरून उभा. दिग्दर्शक तेजल. "सर, वेगळं काही करू नका. नेहमीसारखं शिकवा फक्त." एक समीकरण सोडवलं. फळा भरला, कुठे पुसावं लागलं नाही. "झकास! ओके!" तेजल ओरडली.

छान वाटलं. खोटं कशाला लिहू!

१३ जानेवारी

मुख्याध्यापिका सुहासिनी बाईंनी बोलावलं. दार लावून घेतलं. पट घसरलाय. नाहूरच्या नव्या टॉवरांतून मराठी शाळेत कोण येतंय? गणिताचं एक पद गेलं. गणिताला आम्ही दोघंच, मी आणि गंधाली बाई. एक जण अतिरिक्त ठरणार, जूनपासून दुसऱ्या शाळेत.

"नियमानं कनिष्ठ जातो. तुम्ही निश्चिंत राहा, सर."

निश्चिंत झालो. मग जिन्यात गंधाली बाईच भेटल्या. त्यांचा दोन वर्षांचा अनय शाळेसमोरच्या पाळणाघरात असतो. मधल्या सुट्टीत धावत जाऊन भरवून येतात. मनगटावर वरणभात सुकलेला. "सर, कुठे टाकतील हो मला?"

म्हटलं, "बघू."

काय बघू?

१४ जानेवारी

पोरांनी तिळगूळ दिला. गंधाली बाईंनीही. त्यांचा तेवढा खिशातच ठेवला.

२१ जानेवारी

आज फिल्म दाखवली. प्रयोगशाळेत पडदे ओढून, सगळी नववी, आम्ही शिक्षक.

पन्नास वर्षांनंतरचा वर्ग. भिंतीवर यंत्र शिकवतंय. यंत्राला चेहरा माझा! डोळ्यांत हिरवा दिवा. "वही उघडा. पुन्हा एकदा. वही उघडा." मी खरंच दोनदा म्हणतो? पोरं खदाखदा हसली. मीही हसलो, थोडं उशिरा.

यंत्र कधीच चुकत नाही. मुलांना काही कामच उरत नाही, बसलेली असतात नुसती. एका मुलीला — ती तेजलच — जुन्या कपाटात खडूचा तुकडा सापडतो. "हे काय?" यंत्र रासायनिक नाव सांगतं. तिचं समाधान होत नाही. शोधत शोधत ती एका म्हाताऱ्या बाईंकडे पोचते. गंधाली बाई, केसांत पावडर फासून! त्या भिंतीवर गणित मांडतात. मुलगी किंचाळते, "बाई, चुकलं! खडू!" बाई हसत खडू तिच्या हातात देतात. संपलं.

टाळ्या थांबेनात.

मिथुन जवळ आला. "सर, राग नाही ना? तुमचा एकही रिटेक लागला नाही! बाईंचे तर मोजलेच नाहीत." तेजलनं त्याला कोपर मारलं. "अरे गप ना! सर, तुम्ही कधी चुकत नाही, म्हणून घेतलं तुम्हाला. रिस्पेक्टनी."

पोरीच्या डोळ्यांत कपट नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

२२ जानेवारी

आमच्या गावच्या शाळेत, मेहकरकडे, चूक म्हणजे छडी. गुरुजी वाईट नव्हते, पण पाटीवर आकडा चुकला की हात पुढे. चुकायचं नाही, हे मी तिथंच शिकलो. तेवढ्या भांडवलावर मुंबई गाठली.

रोज वंदनेत झाल्या अपराधाची क्षमा मागतो. फळ्यावर मात्र अपराध होऊच देत नाही! माझ्या वर्गात कोणी "चुकलं" म्हणालेलं आठवत नाही. आधी याचाच अभिमान होता.

२३ जानेवारी

माझा तास नव्हता. गंधाली बाईंच्या आठवीबाहेर उभा राहिलो. घाईत त्यांनी कंस सोडवताना आतलं चिन्ह तसंच ठेवलं. "बाई, खडू! बाई, मला!" अर्धा वर्ग उभा. एक पोरगा फळ्याशी गेला, तोही चुकला. मग दुसरी. गणित सुटलं तेव्हा सगळ्यांचं होतं.

आणि जाणार या!

२९ जानेवारी

मी गेलो तर? आठवडाभर हेच. शाळा घरापासून पायी दहा मिनिटं. दहावीचा निकाल. चहाचा तो ठरलेला कोपरा. आणि मुख्य — रागावून जातोय का मी? तसं असेल तर जाऊ नये. आज वंदनेनंतर बराच वेळ बसून राहिलो. मन तपासलं. राग होता, थोडा. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. हेवा म्हणू? नाही. हौस म्हणतो, नव्यानं सुरुवात करायची.

मालनला सांगितलं. "पन्नाशीला आलात. नियम तुमच्या बाजूनं असताना?" ती भाजी निवडत राहिली. जुडी संपल्यावर — "मग डबा किती वाजता करायचा?"

३० जानेवारी

ऑफिसच्या दारापर्यंत गेलो. परत फिरलो.

२ फेब्रुवारी

आजही.

१० फेब्रुवारी

तेजलच्या फिल्मला बक्षीस नाही. 'भविष्यातलं तंत्रज्ञान पुरेसं दाखवलं नाही', असं परीक्षक म्हणाले. पोरगी रडली. "आपली वाट लागली, सर." गंधाली बाईंनी तिला मिठीत घेतलं. मी म्हटलं, "फिल्म चुकलेली नाही." इतकंच सुचलं.

सकाळीच सुहासिनी बाईंना सांगून आलो होतो, गंधाली बाईंऐवजी मी जातो. तिला हे बाकीचं कसं सांगू?

१६ जून

चेंबूर. नवी शाळा, नववी अ. फळ्यावर समीकरण घेतलं. तिसऱ्या ओळीत ऋण चिन्ह राहिलं. मुद्दाम नाही, खरंच राहिलं. मग मागच्या बाकावरून एक मुलगी, घाबरत — "सर... चुकलं बहुतेक."

मी खडू पुढे केला.