पुढच्या खोलीची घरपट्टी

आई, घरपट्टीची नोटीस अजून तुझ्याच नावानं येते. नाव बदलायचं राहूनच गेलं. यंदा आकारणी पुन्हा वाढली आहे आणि गल्लीतले सगळे हरकत घ्यायला निघालेत. मलाही चला म्हणाले. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतातच, पण त्या कचेरीत पुन्हा उभं राहायचं माझ्यानं होणार नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. इन्स्पेक्टर घराचं मोजमाप घ्यायला आला तेव्हा तू शाळेत शिकवत होतीस, मी कॉलेजात. घरी एकटे काका. काका म्हणायचे, पण नात्यानं ते आपले कुणीच नव्हते. बाबांच्या गिरणीतले, मूळचे वळसंगचे. त्यांची बायको गेल्यावर बाबांनीच त्यांना पुढची खोली दिली, आणि बाबा गेल्यावर तू त्यांना जा म्हणाली नाहीस. दळण, बाजार, नळाचं पाणी ते बघायचे आणि दोन्ही वेळा आपल्यात जेवायचे. इन्स्पेक्टरनं खोलीला वेगळं दार पाहिलं, वेगळं कुलूप पाहिलं आणि खोली भाड्यानं दिली आहे असं लिहून नेलं. पट्टी जवळजवळ दुप्पट झाली.

तू चिडली नाहीस. संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणालीस, "न घेतलेल्या भाड्यावर मी पट्टी भरणार नाही." काका उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होते. "कशाला वाढवता बाई," ते म्हणाले, "मी जातो की गावाकडं. खोली रिकामी झाली की मिटलं." "तुम्ही कुठंही जायचं नाही," तू म्हणालीस. ते शेंगा फोडतच राहिले.

सुनावणीला आपण तिघं गेलो. दुपारपर्यंत बाकावर बसून पाठ धरली. साहेब वाईट नव्हते, आपल्यासारखेच दमलेले होते. तुझा अर्ज चाळत त्यांनी विचारलं, "भाडं घेत नाही म्हणता. मग हे गृहस्थ तुमचे कोण?"

"माझ्या यजमानांचे मित्र."

"यजमान तर वारलेत ना? आता कोण?"

कारकुनाचं पेन थांबलं. मागच्या बाकावर आपल्या गल्लीतले दोघं होते, ते पुढं झुकून ऐकू लागले. मानलेला भाऊ म्हणाली असतीस तर कुणी काही विचारलं नसतं. मी वाट बघते आहे, तू टेबलाच्या कडेवर बोटं टेकून उभी आहेस, आणि तू भाऊ म्हणत नाहीस. काहीच म्हणत नाहीस. तेवढ्यात काका उठले.

"साहेब, मी भाडेकरू हाय."

"बाई तर नाही म्हणतात."

"त्यांना म्हणू द्या. मी देतो की भाडं. कधी पैसं, कधी ज्वारी. लिवा तुमी."

"खोटं आहे," तू म्हणालीस, पण इतकं हळू की ते फक्त मला ऐकू आलं. हरकत फेटाळली गेली. परतताना तू पुढं, मी मध्ये आणि काका नेहमीसारखे थोडं अंतर ठेवून मागं. घरी आल्यावर तू त्यांचं ताट वाढलंस. ते जेवले.

पुढच्या महिन्यात त्यांनी खरंच ज्वारीचं पोतं स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवलं. तू त्याला हात लावला नाहीस. दिवाळी झाल्यावर ते ट्रंक घेऊन होटगीला भाच्याकडं गेले. भाडेकरू निघाला तर त्याला थांबवायचं कोणत्या तोंडानं, हे तुलाही सुचलं नसावं. तू दारापर्यंत गेलीस आणि सावकाश जा म्हणालीस. काही वर्षांनी ते तिकडंच वारले.

खोली रिकामी झाली असा अर्ज केला असतास तर पट्टी उतरली असती. मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही वेळा तू "राहू दे" म्हणालीस आणि भाडेकरू असल्याची पट्टी शेवटपर्यंत भरत राहिलीस.

हे लिहून कुठं टाकणार, कपाटातच राहील. त्या दुपारी तू साहेबांना काय सांगणार होतीस, मला अजून माहीत नाही. पण जे काही सांगितलं असतंस, ते मला चाललं असतं. तू होतीस तोवर एवढंही तुला म्हणायला मला जमलं नाही.